आईबाबांना आता आराम द्यावा

आईवडील सत्तरीला पोचले की त्यांची काळजी घेणे हे आपले कर्तव्य ठरते, आणि काळजी घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या हातून एकेक काम काढून घेणे. सुरुवात भाजीपासून करावी. बाबा रोज सकाळी पिशवी घेऊन मंडईत जातात, भाजीवालीशी भावावरून हुज्जत घालतात, वाटेत वाण्याने विचारलेल्या "चिरंजीव सध्या कुठे असतात?" या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देतात आणि अर्धा किलो गवारीसाठी दीड तास घालवून घरी परततात. वेळेचा हा अपव्यय तुमच्यासारख्या कार्यक्षम माणसाने खपवून घेऊ नये. मोबाइलवर मागवलेली भाजी काही मिनिटांत दारात येते, आणि ती आणणारा मुलगा बाबांशी बोलत थांबत नाही, कारण थांबणे त्याला परवडणारे नसते.

मग बँकेकडे वळावे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तांची रांग लागते, तेथे जुने सहकारी भेटतात, या वर्षी कोण आले नाही याची चौकशी होते आणि बाहेर पडल्यावर चहा होतो. आता घरबसल्या मोबाइलपुढे चेहरा धरला की दाखला मिळतो. बाबा जिवंत आहेत हे सरकारला कळल्याशी कारण. ते आणखी कोणाला कळण्याची आवश्यकता नाही.

खरी संधी मात्र सोसायटीच्या पुनर्विकासात असते. जुन्या इमारतीच्या आवारात एक सिमेंटचे बाकडे असते, ज्यावर संध्याकाळी पाचसहा जण बसून गुडघे, राजकारण आणि दुसऱ्यांच्या सुना या विषयांवर चर्चा करतात. सर्वसाधारण सभेत या बाकड्याच्या जागी दोन गाड्या बसतात हे पटवून द्यावे. झिम्बाब्वेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्यांच्या आवारात बाकडी मांडून त्यांवर प्रशिक्षित आज्या बसवल्या आणि मनाने खचलेली माणसे त्यांच्याशी बोलून सावरू लागली, असे कोणी सभेत सांगितलेच, तर डॉ. चिबांडांना आपल्या पार्किंगची अडचण ठाऊक नाही, असे उत्तर द्यावे. बांधकामाच्या काळात तीस वर्षांचे शेजारी कोणी वारज्याला, कोणी धायरीला, कोणी मुलाकडे बंगळुरूला भाड्याच्या घरांत पांगतात आणि ताबा मिळेपर्यंत त्यांतले सगळे परत येत नाहीत. आल्यावर नवा दरवाजा आपोआप कुलूप लावून घेतो आणि फाटकावरचा रक्षक "कोणाकडे जायचंय?" असे विचारून वर फोन लावतो, त्यामुळे विरजण मागण्याच्या निमित्ताने आलेली शेजारीण तासभर बसून राहण्याचा धोका कायमचा टळतो. माहितीपत्रकात सातव्या मजल्यावर 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' छापलेला असतोच. तेथे वारा फार असतो, हे वेगळे.

आईला ऐकू कमी येऊ लागले असेल तर यंत्राचा खर्च या वयात कशाला, असे म्हणावे. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ घटकांत ऐकू न येणे आणि माणसांपासून तुटणे या दोहोंचा समावेश केला आहे. पहिल्यावर उपाय केला नाही की दुसरे आपोआप साधते. चार माणसांच्या गप्पांत तिने "काय म्हणाला?" असे विचारले की "काही नाही गं" म्हणावे. काही महिन्यांत ती विचारणे बंद करते आणि पुढे गप्पांत बसणेही.

यानंतर पहाटे तीनला जाग येणे, छातीत धडधडणे, पोट साफ न होणे, जेवण नकोसे होणे अशा तक्रारी सुरू होतील. उतारवयातले नैराश्य पुष्कळदा अशा शारीरिक तक्रारींच्या रूपानेच बोलते, म्हणून रक्त, लघवी, हृदय, पोट या सर्वांच्या तपासण्या कराव्यात, अहवालांची फाइल करावी, आणि "करमत नाही का?" हा एक प्रश्न तेवढा टाळावा, कारण त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघापासून मात्र सावध राहावे. तेथे महिन्याचे वाढदिवस साजरे होतात, सहली निघतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाल्यामुळे तुमची आई कोणाच्या तरी सोबतीने थेट कोल्हापूर गाठण्याची भीती निर्माण झाली आहे. "पडशील, कंबर मोडेल" एवढे दोन शब्द बहुतेकदा पुरतात.

कायद्याची चिंता करू नये. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. गप्पांचा त्यात उल्लेख नाही. रविवारी व्हिडिओवर "जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना?" असे विचारून, तिकडून तिसरे वाक्य येण्याआधी "आवाज तुटतोय" म्हणावे.

ज्येष्ठांसाठी १४५६७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे आणि मन मोकळे करण्यासाठीही तो लावता येतो. तो त्यांच्या मोबाइलमध्ये साठवायचाच झाला तर 'आणीबाणी' या नावाखाली साठवावा. नुसते बोलावेसे वाटणे ही काही आणीबाणी नव्हे, अशी त्या पिढीची ठाम समजूत असल्याने तो कधी लावला जाणार नाही.