सगळे सरकारी दवाखाने केंद्राच्या ताब्यात गेले? नाही हो

ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, की आयुष्मान भारत आल्यापासून देशातले सगळे सरकारी दवाखाने दिल्लीतून चालतात, त्यामुळे औषध नसलं तर राज्याला विचारूच नका. असं काही झालेलं नाहीये.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. साथीचा रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं, औषधांचे कायदे, वैद्यकीय शिक्षण हे मात्र समवर्ती, म्हणजे तिथे केंद्र आणि राज्य दोघांचाही हात. आता आपल्याकडचंच बघा ना, गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, सिव्हिल राज्याच्या आरोग्य खात्याचं, ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं, केईएम आणि नायर मुंबई महापालिकेचं आणि नागपूरचं एम्स तेवढं केंद्राचं. एवढे मालक, म्हणून तर तक्रार घेऊन गेलं की इकडून तिकडे टोलवतात.

आणि २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान योजना म्हणजे विमा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तोही भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. दवाखान्याची मालकी त्यात बदलत नाही. आपल्या राज्यात खर्चही केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. सक्तीचं म्हणाल तर पश्चिम बंगाल २०१९ मध्ये सरळ बाहेर पडलं होतं की!

पैशाच्या जोरावर केंद्र अटी घालतं, हे खरंय. पण गावच्या आरोग्य केंद्रात गोळ्या नसतील तर आधी झेडपीतच जाऊन विचारा.