‘नको’ म्हणजे ‘नको’च: फ्रॉईडच्या नावावर खपवलेल्या मजकुराला उत्तर

लग्नाला जेमतेम दोन महिने झालेली माझी भाची गेल्या रविवारी खानापूरहून आमच्या टिळकवाडीतल्या घरी आली आणि स्वयंपाकघराचे दार लोटून तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘मावशी, हे खरं आहे का गं?’ तिच्या नवऱ्याने पाठवलेल्या त्या बहुचर्चित मजकुरात म्हटले होते की, निव्वळ संभोगातून तृप्त न होणारी स्त्री अपरिपक्व असते, तिला मुळातच वेदना हवी असते, म्हणून तिचे ‘नको’ म्हणजे ‘हो’. हे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईडने सिद्ध केले असून प्रौढांसाठीचे चित्रपट त्याचा पुरावा आहेत, असेही त्यात होते.

पहिली गोष्ट फ्रॉईड यांनी लिहिली होती, हे नाइलाजाने मान्य करते. स्त्री वयात येताना तिची कामसंवेदना भगशिश्निकेकडून (क्लिटोरिसकडून) योनीकडे सरकली पाहिजे, असे त्यांनी 1905 साली मांडले. पण मांडणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून 1966 साली भगशिश्निकेची तृप्ती वेगळी आणि योनीची वेगळी हा भेदच खोडून काढला.

‘नको म्हणजे हो’ हे वाक्य मात्र घातक आहे, कारण ते एका नव्या नवरीला पाठवले गेले आहे. फ्रॉईड यांनी 1924 च्या निबंधात ‘स्त्रैण’ आत्मपीडनाची, म्हणजे स्वतःच्या वेदनेतून सुख घेण्याची, चर्चा केली खरी, परंतु हाताशी असलेल्या सामग्रीमुळे आपण पुरुषांपुरतेच बोलणार आहोत, असे त्यांनी तिथेच नोंदवले आणि पुढे वर्णन केले ते पुरुष रुग्णांच्या कल्पनाचित्रांचे. ज्या निबंधाच्या जोरावर बायकांचा नकार मोडीत काढला जातो, त्यात उदाहरणे पुरुषांची आहेत! शिवाय कल्पनेत सगळी सूत्रे स्वतःच्याच हाती असतात, वाटेल तिथे थांबता येते. दुसऱ्याने मनगट धरून ठेवलेले असताना थांबता येत नाही. खुद्द फ्रॉईड यांनी 1933 साली स्त्रीत्वाविषयीचे आपले विवेचन अपुरे असल्याचे कबूल केले होते.

चित्रपटांचा पुरावा तर पुरावाच नव्हे. पुरुषाची तृप्ती कॅमेऱ्याला दिसते, स्त्रीची तशी दाखवता येत नाही, म्हणून तिच्या आवाजावर सारी भिस्त ठेवली जाते, हे चित्रपट-अभ्यासक लिंडा विल्यम्स यांनी 1989 साली सविस्तर दाखवले आहे. तो आवाज दिग्दर्शकाच्या सूचनेवरून, मोबदला घेऊन काढलेला असतो.

भाचीने 1924 च्या निबंधातली ‘पुरुषांपुरतेच’ ही नोंद माझ्याकडून वहीच्या कागदावर लिहून घेतली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.