कापसाची बारूद होते, पण म्हणून कापूस घरात कोंडून ठेवू नका

"जगाचा लष्करी खर्च इतिहासात सर्वांत जास्त. तिसरं महायुद्ध ठरलं. अर्धं बजेट फौजेला गेलं म्हणून कर्जमाफी नाही. कापसापासून बारूद बनते, युरोपात माल संपला, भाव १५ हजार होणार, एक किलोही विकू नका. डीएपी बॉम्बसाठी वळवलं म्हणून मिळत नाही. बँकेतला पैसा काढून घ्या, युद्ध लागलं की खाती गोठवतात." खाली दोन जोडलेले हात आणि "शेतकरी बांधवांसाठी १० ग्रुपवर पाठवा".

दिवाळीपासून हा मजकूर परभणी, जालना, बीडकडच्या भावकीच्या ग्रुपांवर फिरतोय. हसून सोडून दिला असता. पण सेलूकडच्या मामांनी दारात आलेली व्यापाऱ्याची गाडी याच मजकुरावर विसंबून परत पाठवली. आता गप्प बसणं बरं नाही.

पहिलं वाक्य खरं आहे, हे नाइलाजानं कबूल करतो. स्टॉकहोमची सिप्री ही शांतता संशोधन संस्था दरवर्षी हा हिशेब मांडते आणि जगभर तोच धरला जातो. २०२४ सालचा तिचा आकडा २,७१८ अब्ज डॉलर, म्हणजे सव्वादोनशे लाख कोटी रुपयांच्या घरात. एका वर्षात ९.४ टक्के वाढ. शीतयुद्ध संपल्यापासून एवढी मोठी उडी कधी नव्हती. वाढीचं हे सलग दहावं वर्ष. हे काही किरकोळ नाही, आणि काळजी करणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

पण हाच खर्च जगाच्या एकूण उत्पन्नाशी ताडून बघितला तर २.५ टक्के भरतो. १९६०च्या दशकात तो सहा टक्क्यांच्या आसपास होता. शिवाय वाढ कुठं झाली ते बघा. रशिया १४९ अब्ज डॉलर, युक्रेन जवळपास ६५ अब्ज (त्यांच्या उत्पन्नाच्या तब्बल ३४ टक्के), इस्रायलचा खर्च एका वर्षात ६५ टक्क्यांनी वर. हे चालू लढायांचं बिल आहे. जर्मनीची २८ आणि पोलंडची ३१ टक्के वाढ ही शेजारचं घर पेटलेलं बघून केलेली तयारी. नाटोनं जून २०२५ मध्ये हेगला २०३५ पर्यंत उत्पन्नाच्या ५ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं, तेही गाजतंय. त्यातला दीड टक्का पूल, बंदरं, सायबर सुरक्षा असल्या कामांचा आहे, हे मात्र कुणी पुढं पाठवत नाही. या आकड्यांतून महायुद्धाची तारीख काढणाऱ्यानं सरळ पंचांग उघडावं.

बजेटचा मुद्दा दोन ओळींत संपतो. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा, त्यात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी. म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्याही आत. त्यातलेही १.६ लाख कोटी निवृत्त जवानांच्या पेन्शनचे. नवी विमानं, जहाजं, तोफा वगैरेंसाठी १.८ लाख कोटी. आणि महाराष्ट्रातल्या २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही कर्जमाफ्या राज्य सरकारच्या होत्या. राज्य रणगाडे विकत घेत नाही. कर्जमाफीवरून भांडायचं तर मुंबईशी भांडा.

आता कापूस. याच एका मुद्द्यानं लोकांचं खरं नुकसान होणार आहे, आणि पंचाईत अशी की यात अर्धं सत्य आहे.

जिनिंगमधून (कापसातला धागा, म्हणजे रुई, वेगळी करणाऱ्या गिरणीतून) निघालेली सरकी, म्हणजे कापसाचं बी, हातात घेऊन बघा. रुई निघून गेली तरी तिच्यावर राखाडी-पांढरी बारीक लव राहते. (पाकिटातलं बियाणं गुळगुळीत असतं, कारण त्याची लव आम्लानं काढलेली असते.) या लवेला लिंटर म्हणतात. ती वेगळ्या यंत्रावर खरवडून काढतात, कॉस्टिक सोड्यात उकळतात, ब्लीच करतात, वाळवून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवतात. मग पुन्हा पुन्हा उकळत्या पाण्यात तासन्‌तास धुतात. धुण्यात कसूर झाली आणि आम्लाचा अंश राहिला, तर साठवणीत माल आपोआप पेटतो. तयार होतं ते नायट्रोसेल्युलोज. तोफेतून गोळा बाहेर फेकणारी दारू यापासून बनते. आपल्याकडं भंडारा आणि इटारसीचे कारखाने याच कामातले. युरोप लिंटरसाठी बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून आहे आणि तिकडून पुरवठा अडल्याची तक्रार युरोपीय संघाचे तेव्हाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे केली होती. इथपर्यंत मजकूर बरोबर.

गडबड पुढं आहे. टंचाई आली ती लवेची. आपण बाजारात भाव मागतो तो मुख्यतः रुईच्या जोरावर. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी निघते, बाकी कचरा-घट. नीट यंत्रानं काढली तर १०० किलो सरकीमागं आठेक किलो लिंटर, म्हणजे तुमच्या एका क्विंटलमागं पाच किलो. समजा युद्धामुळं लिंटर किलोमागं दहा रुपयांनी महागलं आणि ती सगळी वाढ जिनिंगवाल्यानं उदार होऊन तुमच्या हातात ठेवली (ठेवणार नाही), तरी क्विंटलला ५० रुपये होतात. १५ हजार कुठून आणणार? आणि आपल्याकडची बरीचशी सरकी लिंटर न काढताच तेलाला जाते. युरोपात हवी असलेली ती लव इथं पेंडीतून म्हशीच्या पोटात जातेय.

तरीही समजा, सगळी दारू थेट रुईपासूनच बनवायची ठरली. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा लांब मारायला १० ते १२ किलो दारू लागते. गोळ्याच्या पोटातलं टीएनटी हे स्फोटक वेगळं, त्याचा कापसाशी संबंध नाही. युरोपीय संघानं २०२५ अखेरपर्यंत वर्षाला २० लाख गोळ्यांच्या क्षमतेचं लक्ष्य ठेवलं. गोळ्यामागं १० किलो धरा आणि किलोला किलो कापूस लागतो असंही धरा. खरं तर कमी लागतो, कारण प्रक्रियेत वजन वाढतं आणि दारूत इतर रसायनंही असतात. हिशेब होतो २० हजार टन. जगात रुई पिकते अडीच कोटी टनांच्या आसपास. म्हणजे हजारात एक भागसुद्धा नाही. मागणी दहापट झाली तरी शंभरात एक भाग भरत नाही. वर लाकडाच्या लगद्यापासूनही नायट्रोसेल्युलोज बनतं, त्यामुळं कापूस फारच महागला तर कारखाने तिकडं वळतील.

मजकुरात पुरावा म्हणून २०२२ दिला आहे: "युक्रेन युद्ध लागलं आणि कापूस १२ हजारांवर गेला, आठवा!" आठवतंय की. पण पूर्ण आठवा. तेजी २०२१ च्या पावसाळ्यानंतरच सुरू झाली होती. न्यूयॉर्कच्या वायद्यात पाऊंडाला एक डॉलरचा टप्पा तेव्हाच ओलांडला गेला. कोरोनानंतर गिरण्या एकदम सुरू झालेल्या, आपलं पीक कमी आलेलं, अमेरिकेनं चीनच्या शिनजियांगमधल्या कापसाची वाट अडवलेली. रशियानं हल्ला केला २४ फेब्रुवारी २०२२ ला, तोवर आपल्याकडं दहा हजारांचा भाव होऊन गेला होता.

आणि पुढं काय झालं? युद्ध थांबलं नाही, उलट वाढलं. अमेरिकेचं १५५ मिलिमीटर गोळ्यांचं उत्पादन महिन्याला १४ हजारांवरून ४० हजारांच्या आसपास गेलं. कापूस मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात सात हजारांकडं घसरला. तेव्हाही गावोगाव लोकांनी "अजून वाढेल" म्हणून घरं भरून ठेवली होती. कापसाला बारुदीमुळं भाव मिळत असता, तर त्याच काळात तो चढायला हवा होता.

भाव ठरवणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्यांचे फॉरवर्ड फिरत नाहीत. केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. २०२२ च्या एप्रिलमध्ये भाव चढल्यावरही शुल्क असंच काढलं होतं. बाहेरचा स्वस्त माल बंदरात उतरला की परभणीतल्या मानवतच्या लिलावात बोली खाली येते. राग काढायचा असेल तर या निर्णयावर काढा, तो राग रास्त आहे.

साठवणीचा खर्चही मांडतो. ओला, १२ टक्के ओलाव्याचा कापूस घरात सुकून ८ टक्क्यांवर आला की क्विंटलमागं चार किलोंहून जास्त वजन जातं. आठ हजारांच्या भावानं ते साडेतीनशे रुपये. हातउसने पैसे शेकडा दोननं घेतले असतील, तर दहा क्विंटलच्या ८० हजारांवर महिन्याला १,६०० रुपये व्याज. सहा महिन्यांचे ९,६००. पीककर्जाची मुदत हुकली तर बिनव्याजी सवलत जाते ती वेगळीच. कापूस पिवळा पडतो, प्रत उतरते. त्यातून पडणाऱ्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात. बोंडअळी सरकीत दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतात येते. आणि एक ठिणगी पडली तर सगळंच जातं.

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. बाहेर भाव हमीभावाखाली असेल तर सीसीआयचं, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या केंद्राच्या कापूस महामंडळाचं, केंद्र गाठा. त्यासाठी कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा दिसायला हवा, म्हणजे ई-पीक पाहणी झालेली हवी. तिथं ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात. त्यावर जाल तसा दर कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. म्हणून वेचणी दव उडाल्यावर करा, दोन-तीन दिवस ऊन द्या, कवडी (किडका, नीट न फुललेला) आणि पिवळा कापूस वेगळा ठेवा, प्लास्टिकच्या गोण्या वापरू नका. फरदडीचा (हंगाम संपल्यावरही पीक ठेवून घेतलेला) माल पहिल्या वेचणीत मिसळला तर सगळ्या गाडीची प्रत त्यावर ठरते. पंधरा दिवस, महिनाभर थांबणं मी समजू शकतो, कधी कधी ते फायद्याचंही ठरतं. तोफगोळ्यांच्या भरवशावर मृग लागेपर्यंत थांबणं मला समजत नाही.

डीएपी या खताची टंचाई खरी आहे, कारण खोटं. चीननं निर्यात आवळली. २०२४ मध्ये लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, त्यात वेळ आणि भाडं दोन्ही वाढलं. म्हणजे युद्धाचा संबंध आहे, पण तो जहाजाच्या वाटेपुरता. डीएपीचा बॉम्ब होत नाही. उलट आगरोधक म्हणून ते वापरतात. स्फोटक म्हणून ज्याची भीती, ते अमोनियम नायट्रेट वेगळं. त्यासाठी २०१२ चे वेगळे नियम आणि परवाने आहेत.

हे वाचून १,३५० ची गोणी जादा पैसे मोजून, वर लिंकिंगमध्ये, म्हणजे दुकानदारानं खतासोबत गळ्यात मारलेली, नको ती बाटली घेऊन साठवणारे भेटतात. गरज काय? डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत २४ किलो स्फुरद, आणि सोबत २० किलो युरिया टाकला की नत्र भरून निघतं. वर पंधरा-सोळा किलो गंधक मिळतं. सोयाबीनला तर ते हवंच असतं. ओढायला गोण्या जास्त, एवढीच अडचण.

राहिली बँक. १९६५, १९७१, १९९९, तिन्ही लढायांत सामान्य माणसाचं खातं गोठवलेलं नाही. बँक बुडालीच तर खातेदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. हे संरक्षण पतसंस्थेला आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटीला नाही. आपल्या भागात म्हाताऱ्यांच्या ठेवी अडकल्या त्या अशाच ठिकाणी, दीड-दोन टक्के जादा व्याजाच्या नादात. मजकूर वाचून राष्ट्रीयीकृत बँकेतले पैसे काढणारे ते पुढं कुठं ठेवतात, हे एकदा विचारून बघा. पासबुकावर "बँक" हा शब्द आहे का, आणि ठेव विमा महामंडळाच्या यादीत ती बँक आहे का, एवढं तपासायला दहा मिनिटं लागतात.