‘बापावर गेलाय’ म्हणण्याआधी

मुलगा मारकुटा निघाला की घरात निकाल ठरलेला: "बापावर गेलाय." राग रक्तातच आहे म्हटलं की बापाने उगारलेला हात हिशेबातून सुटतो. म्हणून या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

आनुवंशिकतेचा वाटा खराच आहे. जनुकशास्त्रज्ञ हॅन ब्रुनर यांनी 1993 मध्ये एका डच कुटुंबातल्या आक्रमक पुरुषांत ‘एमएओए’ हे जनुक निकामी असल्याचं दाखवलं. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) या जनुकामुळे तयार होतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे राखीव प्रत नसते. पण जनुक असं पूर्ण बंद पडणं फार दुर्मीळ.

याच जनुकाचं मंदगतीने चालणारं रूप मात्र बऱ्याच जणांत असतं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये 1972-73 साली जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. कॅस्पी आणि मॉफिट या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये त्यातल्या मुलग्यांचे आकडे मांडले. मंद जनुक आणि लहानपणी छळ, असं दोन्ही वाट्याला आलेले फक्त 12 टक्के; हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांमध्ये त्यांचा वाटा 44 टक्के. जनुक मंद पण घरी छळ नाही, अशा मुलांत ही वाढ दिसली नाही. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम कुठे ठळक, कुठे फिका निघाला. तरी रक्तचाचणी करून "हा गुंड होणार" असं सांगता येत नाही, हे पक्कं.

दुसरं कारण घरातच असू शकतं: शिसं. ते शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन मेंदूत शिरतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या अभ्यासात बालपणी रक्तात जास्त शिसं असलेल्यांच्या मेंदूचा पुढचा, आवर घालणारा भाग आक्रसलेला दिसला आणि हिंसेसाठी अटकाही जास्त झाल्या. ड्युनेडिनमध्ये मात्र शिसं आणि गुन्हे यांचा संबंध क्षीण निघाला, त्यामुळे सगळं खापर शिशावर फोडू नये. बुद्धीचं नुकसान मात्र निर्विवाद आहे, आणि ते टाळता येतं.

भारतात शिसंयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून आहे. त्याआधीच्या खिडक्या-दारांवरचा रंग संशयास्पद धरा. तो कोरडा पॉलिश पेपरने घासू नका, धूळ घरभर बसते आणि रांगणारं मूल ती बोटांवाटे खातं. आधी ओला करा, मग खरवडा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, काम संपेपर्यंत मुलांना दुसरीकडे ठेवा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, तो मुलांच्या हाती लागू देऊ नका. सुटी, अति पिवळीधमक हळद टाळा, रंगासाठी तिच्यात शिसं मिसळलेलं असू शकतं. हळकुंडं घेतलीत तरी वरून चकाकी दिलेली नकोत. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं किंवा पोट रिकामं असलं तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून मुलाला रिकाम्या पोटी ठेवू नका.

शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातलं शिसं तपासा. अमेरिकेत रक्ताच्या डेसिलिटरला (100 मिलिलिटर) 3.5 मायक्रोग्रॅमपासून पुढे लक्ष घालतात. बोट टोचून केलेल्या चाचणीत आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त देऊन खात्री करा, कारण कातडीवरची धूळ नमुन्यात मिसळून आकडा फुगतो.