‘बारावीच्या पोरालाही कळतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पेरॉक्सिझोम म्हणजे पेशीतल्या एन्झाइमच्या सूक्ष्म पिशव्या. त्या पोकळ राहिल्या तरी पुन्हा भरू शकतात, असं मी एका लेखात गळक्या हंड्याची उपमा देऊन लिहिलं होतं. त्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय : ‘जुन्याचं विभाजन होऊनच नवा पेरॉक्सिझोम होतो, हे बारावीच्या पोरालाही कळतं. पोकळ पिशव्या पुन्हा भरतात ही भाकडकथा आहे. आणि विज्ञानात तांबट आळीचा हंडा कशाला?’ खाली नाव नाही.

आधी माझी चूक. पेरॉक्सिझोम शास्त्रज्ञ द दुव्ह यांनी शोधला, असं मी लिहिलं होतं. १९५४ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडात ते प्रथम पाहिले संशोधक रोडिन यांनी. द दुव्ह यांनी त्यांचं रसायन उलगडलं आणि १९६० च्या दशकात नाव दिलं. दुरुस्ती केली आहे.

पण ‘बारावीच्या पोरालाही’? मी नाशकात सव्वीस वर्षं बारावीलाच जीवशास्त्र शिकवलं. तास संपल्यावर पोरं टेबलाभोवती उभी राहून वाद घालायची, मला चूक ठरवायची, आणि तेव्हाही ‘सर, पण’ असंच सुरू करायची. एखाद्याला समजलं नाही म्हणून मी त्याला कधी हिणवलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, माझा जुना लेख एकही वाचलेला दिसत नाही, आणि थेट भाकडकथा म्हणून मोकळे होता. ही चर्चा नव्हे.

हंड्याचं म्हणाल, तर माझे वडील तांबट आळीतले. गळका हंडा आला की तो लगेच मोडीत काढा, असं ते म्हणत नसत. वाजवून बघत, कुठे गेलाय ते शोधत, डाख लावत. पेशीचं वागणं मला तसंच दिसलं म्हणून लिहिलं. झेलवेगर सिंड्रोम या पेरॉक्सिझोमच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत १९७३ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडात पेरॉक्सिझोम दिसलेच नव्हते. १९८८ मध्ये त्यांच्या त्वचेच्या पेशींत रिकामी पटलं, म्हणजे पिशवीची नुसती आवरणं, सापडली. पिशवी होती, पण आत नेणारी यंत्रणा बिघडल्याने एन्झाइम बाहेरच राहत होते. बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीला दिली की एन्झाइम आत शिरू लागतात. पेक्स-१ या अशाच एका जनुकातल्या एका सौम्य बिघाडात तर पेशी ३७ ऐवजी ३० अंशांवर वाढवल्या तरी ही आयात सुधारते. याला तुम्ही भाकडकथा म्हणता?

लेखाची लांबी आणि आकृत्या नसणं, या तुमच्या इतर तक्रारींवर मी वेळ घालवणार नाही.

विभाजन होतं, हे मी नाकारलेलंच नाही. लेखाचा तिसरा परिच्छेद त्यावरच आहे. पण पेक्स-३ जनुक नसलेल्या मानवी पेशींत विभागायला एकही पेरॉक्सिझोम नसतो. जनुक परत दिलं की ते उभे राहतात. मायटोकॉन्ड्रिया आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या दुसऱ्या दोन घटकांमधून निघालेल्या पिशव्या एकत्र येऊन, असं २०१७ च्या संशोधनात दिसलं. सगळं विभाजनानेच होत असेल, तर तिथला पहिला पेरॉक्सिझोम कुणाच्या पोटातून आला, एवढं सांगा. आणि या वेळी नाव लिहा.