पायथॉनमध्ये ‘फक्त लिस्ट पुरे’? थोडा खुलासा

नागपुरात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पायथॉनची लिस्ट आली की झालं. सेट आणि डिक्शनरी मुलाखतीपुरत्या. सेट वेगवान, पण डिक्शनरीत क्रम राहत नाही.’ पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत माहिती ठेवायच्या या तीन पद्धती: लिस्ट म्हणजे क्रमाने लावलेली यादी, सेट म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणारा संच, आणि डिक्शनरी म्हणजे नाव आणि त्याची माहिती अशा जोड्या. मेसेजमधलं बरंचसं चूक आहे, आणि नवशिक्यांचं त्यानं खरंच नुकसान होतं.

समजा, 50,000 रोल नंबरांची एक यादी आहे आणि दुसऱ्या 50,000 पैकी कोण तिच्यात आहे ते बघायचंय. लिस्ट प्रत्येक वेळी पहिल्यापासून शोधत जाते. एकही नंबर जुळला नाही, तर 250 कोटी तुलना! सेट हॅशवरून, म्हणजे त्या नंबरावरून काढलेल्या एका आकड्यावरून, थेट जागा गाठतो, म्हणून तेच काम क्षणात होतं.

पण म्हणून सगळीकडे सेट लावू नका. कळमना मार्केटमधल्या संत्र्यांच्या तीन क्रेटची वजनं 20, 20, 18 किलो. बेरीज 58. सेटमध्ये टाकलीत तर दुसरा 20 गळतो आणि बेरीज 38 येते. प्रोग्राम एररही देत नाही. शेतकऱ्याचे 20 किलो गुपचूप गायब. इथे लिस्टच हवी. मेट्रोच्या स्टेशनांनाही लिस्टच, कारण तिथे क्रम महत्त्वाचा.

क्रमाचा आक्षेप तर जुनाच झाला. पायथॉन 3.7 पासून, म्हणजे 2018 पासून, डिक्शनरी नोंदी टाकल्या त्याच क्रमाने ठेवते. क्रमाची हमी नसते ती सेटला.