वेर्दिक्यो कडू लागली त्याबद्दल

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: वेर्दिक्यो ही इटलीची पांढरी वाइन फ्रिजमधून काढली, सुरमईच्या तिखट कालवणाबरोबर घेतली आणि ती 'आंबट पाणी, वर शेवटी कडू' लागली. म्हणजे तुमच्या मते एक तर बाटली खराब, नाहीतर वेर्दिक्योवरच्या माझ्या लेखातला 'बदामाचा स्वाद' ही थाप.

'माशांबरोबर उत्तम' असं मी मोघम लिहिलं, ही चूक कबूल. मासा कोणता यापेक्षा तो कशात शिजलाय ते बघावं लागतं. मिरचीच्या तिखटावर अशी ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन घेतली की तोंडाची आग वाढते आणि वाइनमधला कडवटपणा वर येतो. कालवणात गूळ पडला असेल, तर वाइन आणखी आंबट लागणार.

पण कडवटपणा हा दोष नव्हे. इटलीच्या मार्के प्रांतात येझी आणि मातेलिका या गावांच्या आसपास होणाऱ्या, याच नावाच्या द्राक्षाची ती ओळखच आहे: घोट गिळल्यावर दोन-तीन सेकंदांनी कडू बदाम चावल्यासारखी चव येते आणि तोंड स्वच्छ होतं. घरच्या फ्रिजमध्ये तापमान 4-5 अंश असतं. इतक्या गार वाइनचा वास उठत नाही. उरतो तो आंबटपणा आणि कडूपणा. तुमचं 'आंबट पाणी' बहुधा तेच. ही वाइन 10 ते 12 अंशांना प्यावी. बाटली वीसेक मिनिटं बाहेर ठेवा आणि ग्लासात एका वेळी 100 मिलीच ओता, नाहीतर आपल्याकडच्या उकाड्यात ती लगेच कोमट होते.

बाटली खरंच बिघडली असेल, तर जिभेआधी नाक सांगतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि ग्लासात ठेवल्यावर वाढत गेला, तर बूच दूषित. रंग तपकिरीकडे झुकलाय आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतोय, तर हवा लागलेली. यातलं काहीच नसेल, तर बाटलीला बोल लावू नका.

खात्री करायची तर एक घोट घ्या, मग लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा, लगेच दुसरा घोट घ्या. तीच वाइन मवाळ लागेल. मीठ कडूपणा दाबतं, आणि लिंबाच्या आंबटापुढे वाइनचं आंबट फिकं पडतं. मार्केतल्याच अँकोना शहराचा ब्रोदेत्तो हा माशांचा रस्सा (परंपरेने तेरा प्रकारचे मासे!) वेर्दिक्योबरोबर जमतो तो याच न्यायाने: त्यात टोमॅटो असतो, व्हिनेगर असतं, मिरचीचा जाळ नसतो. तिथलाच सुकवलेल्या कॉड माशाचा स्तोकाफिस्सो बटाट्यांसह भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजतो. ते तेल कापायला वाइनमधलं आम्ल कामी येतं.

सुरमईच हवी असेल, तर तुकड्यांना हळद-मीठ लावा, तिखट नावापुरतं, रव्यात घोळवून तळा आणि वर लिंबू पिळा. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, तेव्हा त्याच बाटलीवर करून बघा.